आवळीखालचं जाळं

बारुईपूरच्या अलीकडे अजेयने पुन्हा गाडी कडेला घेतली, तेव्हा मात्र शकुनचा संयम सुटला.

“आता काय राहिलं रे?”

“मागचं चाक बसल्यासारखं वाटतंय, आई. हवा बघून घेतो.”

“गरियाहाटला मिठाई म्हणून संदेश घेतलेस. मग पेट्रोल आठवलं. मग तुला चहाची तल्लफ आली. आपण आवळीभोजनाला निघालोय की काशीयात्रेला?”

मागच्या सीटवर मधुवंती हसली. ती पुण्याहून मुद्दाम कार्तिकासाठी माहेरी आली होती आणि भावाच्या फजितीची एकही संधी सोडणार नव्हती. तिच्या शेजारी सुरुची मांडीवर मसालेभाताचं पातेलं धरून खिडकीबाहेर बघत होती, आणि दोघींच्या मध्ये नात सानिका पेंगत होती. सुनेचं हे गप्प बसणं शकुनला सकाळपासून खटकत होतं. सुरुची भांडखोर नव्हती, पण अबोलही नव्हती. पातेलं सांभाळण्यात एवढं गढून जाण्यासारखं काही नव्हतं.

बालीगंजहून दहाला निघायचं असं अजेयने परस्पर ठरवून टाकलं होतं. बारापर्यंत पोचू, पाहुणेही तेव्हाच येतील, की लगेच पानं वाढायची. शकुनने सगळ्यांना सातलाच घराबाहेर काढलं. आवळीभोजन म्हणजे नुसतं झाडाखाली बसून जेवणं नव्हे. आधी पूजा असते, ऊन डोक्यावर यायच्या आत खोडाला सूत गुंडाळायचं असतं. श्यामसुंदर होते तोवर हे कोणाला सांगावं लागत नसे. त्यांना जाऊन दोनच वर्षं झाली होती आणि त्यांचा मुलगा पूजेची वेळच विसरला होता.

श्यामसुंदर बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले आणि इथलेच होऊन राहिले. बरोबरीचे मराठी अधिकारी निवृत्त होऊन पुण्याला, नागपूरला परतले. ह्यांनी बारुईपूरला पेरूच्या बागांमागे तळं असलेली जागा घेतली, ती शकुनच्या नावावर, आणि पहिल्याच वर्षी तळ्याकाठी आवळी लावली. तळ्यात मासे होते आणि घरात मासे खाणारं कोणी नव्हतं. बंगालात ज्याच्याकडे तळं असतं तो मासे सोडतो, धरतो, नाहीतर तळं कोणाला तरी चालवायला देतो. ह्यांनी तिन्हीपैकी काही केलं नाही. “मी खात नाही तर दुसऱ्याला मारायला कशाला देऊ?” असं म्हणत. गावात त्यांना वेडा मराठी म्हणायचे आणि ते ऐकून श्यामसुंदर खूष व्हायचे.

माणसांनी सोडलेल्या त्या तळ्यावर मग पाखरं आली. बगळे, ढोकरी, पाणकोंबड्या, आणि थंडीच्या तोंडाला अडया. तांबूस अंगाची ती बदकं शीळ घालत थव्याने उतरत. राखणदार निमाई त्यांना शराल म्हणे. शेवटच्या वर्षी श्यामसुंदरांना धड चालवत नव्हतं, तरी ते आवळीखाली खुर्ची टाकून त्यांची शीळ ऐकत बसायचे. शकुनने कोलकाता सोडलं नाही त्याला कारण होतं ते हे एवढंच, आणि ते ती कोणापासून लपवतही नव्हती.

फाटक उघडायला निमाई आला तो मान खाली घालून. “मासिमा, एतो सकाले?” एवढंच पुटपुटला. इतक्या सकाळी कशा आलात, असं मालकिणीला विचारायचं म्हणजे कमाल झाली.

“का रे निमाई, दुपारी येणार होते असं कोणी सांगितलं तुला?” शकुनने बंगालीत विचारलं. तिचं बंगाली गरियाहाटच्या बाजारात तयार झालेलं होतं. भाजीवाल्यांना ती त्यांच्याच भाषेत गप्प करायची.

निमाईने अजेयकडे पाहिलं. अजेयने डिकी उघडली आणि पिशव्या काढायला लागला.

तेवढ्यात पुढे पळालेल्या सानिकाची तळ्याकडून किंकाळी आली.

सगळ्या धावल्या. सुरुचीची ही पंधरा वर्षांची लेक आवळीपाशी दोन्ही हात वर करून उभी होती आणि तिचे केस हवेत कशाला तरी अडकले होते. जवळ गेल्यावर शकुनला जाळं दिसलं. हवेत ताणलेलं, काळं, इतकं बारीक की नाकाला लागेपर्यंत कळू नये. त्याचं एक टोक तळ्याच्या चिखलात रोवलेल्या बांबूच्या काठीला होतं. दुसऱ्या काठीचा खर्च वाचवून दुसरं टोक थेट आवळीच्या खोडाला बांधलेलं होतं, जिथे दरवर्षी सूत गुंडाळायचं बरोब्बर तिथे.

“आजी, हलू नको, तूपण आटकून जाशील,” सानिका रडकुंडीला येऊन म्हणाली. तिचं मराठी घाबरलं की असं अर्धं बंगाली व्हायचं. “वर बघ. वर आहे ते.”

वर एक अडई उलटी लटकत होती. पंख जाळ्यात पिळवटून गेले होते आणि मान सैल पडली होती. थोडी पुढे आणखी एक होती, ती अजून फडफडत होती. मधुवंतीने सानिकाचे केस सोडवले. तळं रिकामं होतं. एरवी कार्तिकात या वेळी पाखरांच्या कलकलाटात इथे बोललेलं ऐकू येत नसे.

शकुनला राग आला की ती ओरडत नसे. तिचा आवाज उलट खाली यायचा आणि घरातले सगळे सावध व्हायचे.

“निमाई, हे कोणी लावलं?”

निमाईने तोंड उघडलं ते एकदम भडाभडा. क्लबची पोरं, म्हणजे गावच्या पूजामंडळाची. बापी आणि त्याचे दोस्त. रात्री जाळी लावतात, पहाटे येऊन पाखरं काढतात, कधी छऱ्याची बंदूक घेऊन दिवसाही येतात. त्याने एकदा हटकलं तर त्याची सायकल तळ्यात फेकली. “मासिमा, मला इथेच राहायचंय. माझी मुलगी त्यांच्याच रस्त्याने शाळेत जाते.”

“मला फोन का नाही केलास?”

निमाईने परत अजेयकडे पाहिलं.

“आई, तू आधी सावलीत बस,” अजेय मध्ये पडला. “हे क्लबचं प्रकरण आहे. इथे राहणार ते, आपण राहणार बालीगंजला. उगाच वैर कशाला घ्यायचं? आज सणाचा दिवस आहे. जाळं मी निमाईला काढायला लावतो, विषय संपला.”

“अजेय म्हणतोय ते बरोबर आहे, आई,” मधुवंती म्हणाली. “आपण बायका काय करणार? शरदकाका येतायत ना फोर्ट विल्यमहून? कर्नल माणूस. त्यांना बोलू दे.”

“शरदरावांना मी जेवायला बोलावलंय, लढायला नाही,” शकुन म्हणाली. “माझ्या जागेत चोर शिरला तर तो मी बघेन.”

ती तळ्याला वळसा घालून मागच्या फाटकाकडे गेली. कुंपण तोडलं असेल, तार कापली असेल, असं तिला वाटलं होतं. कुंपण शाबूत होतं. फाटकाच्या कडीत कुलूप लटकत होतं, उघडं, आणि त्याच्यावर हातोड्याचा साधा ओरखडाही नव्हता. शकुन त्या कुलपाकडे बघत उभी राहिली. ते श्यामसुंदरांनी स्वतः आणलेलं कुलूप होतं. त्याच्या किल्ल्या दोन. एक तिच्या कमरेच्या जुडग्यात होती, ती तिने चाचपून पाहिली. दुसरी बालीगंजच्या घरात, ह्यांच्या कपाटातल्या ड्रॉवरमध्ये. निमाईकडे मागच्या फाटकाची किल्ली कधी दिलेलीच नव्हती.

ती सावकाश परत आली. मुलावर असा संशय घेणं तिच्या जिवावर आलं होतं, पण पेट्रोल, चहा, मागचं चाक, सगळं आता आपोआप जागच्या जागी बसत होतं.

अजेय फोनवर काहीतरी टाइप करत होता. तिला पाहून त्याने फोन खिशात टाकला.

“मागचं कुलूप उघडं आहे,” ती म्हणाली. “फोडलेलं नाही. उघडलेलं आहे.”

सुरुचीने मसालेभाताचं पातेलं खाली ठेवलं, चपला काढल्या, सलवारीचे पाय गुडघ्यापर्यंत वर केले आणि सरळ चिखलात उतरली.

“सानिका, आधी सगळ्याचे फोटो काढ. जाळ्याचे, पाखरांचे, कुलपाचे,” ती म्हणाली. “आई, पिशवीत फळांसाठी सुरी आणलीय ती द्या मला. आणि वनखात्याचा नंबर मी मघाशीच लावला. माणसं पाठवतो म्हणालेत.”

“तुला कोणी सांगितलं फोन करायला?” अजेय चढ्या आवाजात म्हणाला.

“कोणी सांगायला हवं होतं का?” सुरुची जाळ्याकडे बघतच म्हणाली. “ड्रॉवरमधून किल्ली गेली तेव्हा मी तुला विचारलं होतं, अजेय. तू म्हणालास, तू यात पडू नकोस. नाही पडले. आता पडतेय.”

शकुनने पिशवीतली सुरी काढून सुनेच्या हातात दिली. दोघींनी मिळून फडफडणाऱ्या अडईचा पंख एकेक धागा कापत सोडवला. सानिकाने ती ओढणीत गुंडाळून छातीशी धरली. मेलेली अडई शकुनने आवळीच्या बुंध्याशी ठेवली.

“आई, पूजेच्या जागी नको ना ते,” मधुवंती तोंड फिरवून म्हणाली.

“तिथेच राहू दे. आज जो येईल त्याला दिसलं पाहिजे.” मग शकुन लेकाकडे वळली. “बोल. मी ऐकते आहे.”

अजेय आधी उखडला, मग रडवेला झाला. चाळिशी ओलांडलेला, एस्प्लनेडच्या ऑफिसात दहा माणसांवर हुकूम चालवणारा मुलगा, पण आईपुढे उभा राहिला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

“मला जानेवारीत बंगळूरला जायचंय, तुला माहिताय. तुला इथे एकटीला ठेवून जाऊ? तू म्हणतेस, ही जागा आहे तोवर मी इथून हलणार नाही. घेणारा तयार आहे, आई. पण त्याला तळं बुजवायचंय. पाखरं असली की कॅमेरे घेऊन लोक येतात, मग खातं येतं, मग कोणी बुजवू देत नाही. तो म्हणाला, पाखरं आपोआप उठली तर बरं. मी कोणाला मारायला सांगितलं नव्हतं. बापी म्हणाला मी लक्ष ठेवतो, म्हणून नुसती किल्ली दिली.”

“नुसती किल्ली,” शकुन म्हणाली.

“तुझ्यासाठीच ना? तू आमच्याबरोबर यावंस म्हणून!”

हे खोटं नव्हतं आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. मुलगा लबाड निघाला असता तर तिने त्याला चार शब्द सुनावून मोकळं केलं असतं. पण त्याला खरंच आई बरोबर हवी होती, आणि त्यासाठी त्याने बापाचं तळं शांतपणे मरू द्यायचं ठरवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही.

“मला न्यायचं होतं तर मला विचारायचंस. भांडायचंस माझ्याशी. मी नाही म्हटलं असतं, तू परत भांडला असतास. आई-मुलात तेवढी जागा असते रे. त्या मुक्या जिवांना मध्ये कशाला घातलंस?”

मधुवंती इतका वेळ हाताची घडी घालून उभी होती. ही जागा विकावी असं तिचंही मत होतं, आणि ते तिने गेल्याच आठवड्यात फोनवर भावाला सांगितलं होतं. आता ती खाली बसली आणि आवळीच्या खोडाला बांधलेली दोरी नखांनी सोडवायला लागली. गाठ घट्ट होती. तिची दोन नखं तुटली तरी ती उठली नाही.

मोटारसायकलचा आवाज मागच्या फाटकाकडून आला.

बापी पुढे होता, त्याच्या मागे आणखी दोघं. एकाच्या खांद्याला छऱ्याची बंदूक, दुसऱ्याच्या हातात पिसं चिकटलेलं ओलं पोतं. जागा आपलीच असल्यासारखे ते आत आले आणि जाळं जमिनीवर पडलेलं पाहून थबकले. बापीने आधी शकुनला नमस्कार केला. गुंड असला तरी वळण बंगाली होतं.

“मासिमा, हे काय केलंत? जाळं महाग असतं.” मग अजेयकडे वळून तक्रारीच्या सुरात म्हणाला, “दादा, तुम्हीच म्हणालात बारानंतर येणार. आम्ही त्याआधी काढून नेणार होतो. किल्ली तुम्ही दिलीत, आणि आता असं?”

सगळं बंगालीत होतं आणि तिथे बंगाली न कळणारं कोणी नव्हतं. शकुनलाही शब्द न् शब्द कळला. ती हळूच आवळीखालच्या चटईवर बसली, पूजेच्या तबकातली सुताची गुंडी उचलली आणि अजेयला मराठीत म्हणाली,

“त्याला सांग, ही जागा माझी आहे.”

अजेय गोंधळला. “आई, तूच सांग ना. तुला येतं की.”

“आज मला बंगाली येत नाही. तू सांग.”

बापी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. हीच बाई मागच्या पूजेत क्लबच्या मंडपात येऊन, लाउडस्पीकर मोठा लावला म्हणून त्याला अस्खलित बंगालीत झापून गेली होती.

अजेयने घसा खाकरला. “मा बलछेन, जायगाटा ओनार.” आई म्हणते, जागा तिची आहे.

“आई म्हणते नाही,” शकुन म्हणाली. “जागा माझी आहे एवढंच सांग. आणि सांग, ज्याने किल्ली दिली त्याला ती द्यायचा अधिकार नव्हता.”

अजेयचं तोंड उतरलं. सुरुची चिखलातून वर आली आणि सासूच्या शेजारी उभी राहिली, सुरी हातात तशीच. मधुवंतीही उठून तिच्या बाजूला गेली. अजेय एकटा मध्ये उरला, एका बाजूला घरच्या बायका आणि दुसऱ्या बाजूला बंदूकवाली पोरं.

त्याने ते वाक्य सांगितलं. अर्धं गिळत सांगितलं, पण सांगितलं.

“सांग, अडई मारणं गुन्हा आहे. फोटो काढलेत. पोतं इथेच ठेवून जायचं. निमाईच्या केसाला धक्का लागला तर मी क्लबच्या दारात येऊन बसेन आणि तिथून उठणार नाही. सांग, आजपासून मी इथेच राहणार आहे.”

“आई!”

“ती खोली तुझ्या बाबांनी राहायलाच बांधली होती. सांग त्याला.”

अजेय एकेक वाक्य सांगत गेला. सुरुवातीला त्याचा आवाज चोरटा होता. निमाईचं नाव आलं तेव्हा त्याने तळ्याकडे पाहिलं. सायकलचं गंजलेलं हँडल अजून पाण्याबाहेर दिसत होतं. हे त्याने आजच पाहिलं असावं, कारण मधेच थांबला आणि पुढचं वाक्य आधीच्यापेक्षा मोठ्याने बोलला.

बापीने सगळं ऐकून घेतलं. तो चिडला नव्हता. त्याला या घरातली भेग बरोबर दिसली होती आणि तो तिच्यातच बोट घालणार होता.

“दादा,” तो सावकाश म्हणाला, “एटा के बलछे? आपनि, ना मासिमा?” हे कोण सांगतंय, तुम्ही की मासिमा?

शकुनने मान वर केली नाही. सुताचं टोक शोधण्यात ती गुंतल्यासारखी दिसत होती, पण तिचे कान अजेयकडे होते. या प्रश्नाचं उत्तर ती त्याच्या तोंडात घालू शकत नव्हती. जागा ती एकटीने राखू शकली असती. मुलगा नाही. सानिकाच्या ओढणीत अडईने एकदा बारीक शीळ घातली.

“आमि बलछि,” अजेय म्हणाला. मी सांगतोय.

मग त्याने हात पुढे केला. “चाबीटा दाओ.”

किल्ली परत मागायला शकुनने सांगितलं नव्हतं.

बापीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, खिशातून किल्ली काढून त्याच्या तळहातावर टाकली आणि मागच्या पोराला पोतं खाली ठेवायची खूण केली. ते फाटकाकडे वळले तेव्हा शकुन बोलली. स्वच्छ, खणखणीत बंगालीत, बाजारात बोलते तशी.

“बापी, बोशो. खेये जाओ. आमच्यात आवळीखालून कोणी उपाशी जात नाही. वनखात्याची माणसंही येतच असतील. सगळे एकाच पंगतीला बसू.”

मोटारसायकल पहिल्या किकला चालू झाली नाही. दुसऱ्या किकला झाली आणि आवाज पेरूच्या बागांमधून लांब गेला. मधुवंती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. निमाईने जाऊन मागचं फाटक लावलं.

अजेय किल्ली घेऊन आईसमोर उभा होता. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. शकुनने ती त्याच्या हातातून घेतली, कमरेच्या जुडग्यात पहिल्या किल्लीशेजारी अडकवली आणि पदर खोचून उठली.

“बंगळूरला तू जा. मी अडवणार नाही, रडणारही नाही,” ती म्हणाली. “पण कार्तिकात यायचं. आणि मला न्यायचा विषय काढायचा तर तो इथे, या झाडाखाली बसून, माझ्या तोंडावर काढायचा.”

“तू नाहीच म्हणशील.”

“म्हणेन. तू काढ.”

खोडावर दोरीचा वळ उमटला होता. शकुनने त्यावरून हात फिरवला, हळदकुंकू वाहिलं आणि सुताचं टोक तिथेच लावून बोटाने दाबून धरलं. मग गुंडी मुलाकडे फेकली.

“ऊन डोक्यावर यायला लागलं. धर, आणि फिर माझ्यामागून.”